गुडघा खरं सांगत होता, खोटं मी बोललो

(ध्वनिमुद्रित भागाचं लेखी रूप. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज मी खोलीत बसून बोलत नाहीये. नारायणगडाच्या पायथ्याला एका बाभळीखाली बसलोय. त्यामुळं मध्येच वारा येईल, एखादी मोटारसायकल जाईल, तेवढं सांभाळून घ्या. ज्यांना गड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीड जिल्ह्यातलं हे नगद नारायण महाराजांचं ठिकाण. आमच्याकडं याला धाकटी पंढरी म्हणतात. तुमच्यापैकी कित्येकांनी २०२४ च्या दसरा मेळाव्याच्या वेळी मोबाइलवर गड पाहिला असेल. माझी आजची गोष्टही दसऱ्याचीच आहे, पण बरीच आधीची.

समोर एक मोकळं रान आहे. पहाटे साडेपाचपासून इथं पोरं-पोरी पळतात. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मी पण इथंच पळायचो. आणि याच रानाच्या त्या टोकाला माझा उजवा गुडघा गेला.

आज मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज गुडघे बघतो. पण हा भाग मी पेशंट म्हणून जास्त बोलणार आहे. विषय साधा आहे. गुडघा अचानक दुखावला तर आत नेमकं काय झालं असेल, हे ओळखायचं कसं?

आधी माझी गोष्ट.

बारावी सायन्स झाली होती. वय अठरा. घरात आई आणि अण्णा ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की टोळी निघणार, उचल आधीच घेतलेली. अण्णांनी मला एकच सांगितलं होतं, "भरती होईपर्यंत कबड्डीचं नाव काढू नको. पाय मोडून बसशील." मी हो म्हणालो. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरांनी हाक मारली, तसा गेलो.

तिसरी-चौथी चढाई असेल. कोपऱ्यातल्या पोरानं घोटा धरला. मी मध्यरेषेकडं वळायला गेलो. पाय जमिनीत रुतलेला, अंग वळलं, आणि आतून 'टक' असा आवाज आला. बाजूच्या पोरालाही तो ऐकू आला. एखादी वाळकी काडी मोडावी तसा. खाली बसलो. दहा मिनिटांनी लंगडत उठलो. घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म फुगलेला.

आजीनं विचारलं, "काय झालं रे लेकरा?" म्हटलं, "घसरून पडलो." अण्णांनाही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांची गाडी निघणार होती, त्यांच्या डोक्याला आणखी ताप कशाला? आजीनं तेल गरम करून चोळून दिलं. मग एका दवाखान्यात गेलो. तिथंही विचारलं, "कसं लागलं?" तिथंही मी म्हणालो, "घसरून गुडघ्यावर पडलो." एक्स-रे काढला. हाड शाबूत. "मुकामार आहे, गोळ्या घे, आठवड्यात उतरेल."

आता गंमत बघा. मी सांगितलेल्या गोष्टीला तो निष्कर्ष अगदी बरोबर होता! गुडघ्यावर पडलं, हाड मोडलेलं नाही, तर मुकामार. चूक झाली ती गोष्टीतच. मी जर म्हणालो असतो की पाय रुतलेला होता, अंग वळलं, टक आवाज आला आणि तासाभरात सूज आली, तर समोरच्या माणसाच्या मनात पहिलं नाव वेगळंच आलं असतं.

सूज उतरली. पंचविसाव्या दिवशी पळायला लागलो. सरळ पळताना ठीक वाटायचं. वळलो की गुडघा 'निसटायचा'. तीनदा निसटला. चौथ्यांदा असा अडकला की सरळच होईना. तोवर आठ महिने गेले होते. छत्रपती संभाजीनगरला एमआरआय झाला. एसीएल तुटलेलं, आणि सैल गुडघ्यावर पळून पळून आतली गादीही फाटलेली. ती शिवण्यासारखी राहिली नव्हती, थोडी काढावी लागली. भरती गेली. आजही गडाचा उतार उतरताना मला उजवा पाय जपून टाकावा लागतो.

म्हणून आजच्या भागाचं एकच म्हणणं आहे. दुखापत झाली त्या क्षणाची खरी गोष्ट, हाच गुडघ्याचा पहिला रिपोर्ट. एक्स-रे, एमआरआय सगळं त्याच्यानंतर.

आता गुडघा आतून कसा असतो, ते दोन मिनिटांत सांगतो. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढं वाटी. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्रासारख्या दोन गाद्या, त्यांना मेनिस्कस म्हणतात. आणि हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे चार मुख्य दोर, म्हणजे लिगामेंट. दोन बाजूंना दोन, आतला एमसीएल आणि बाहेरचा एलसीएल. मधोमध फुलीसारखे दोन, पुढचा एसीएल आणि मागचा पीसीएल. नडगीचं हाड पुढं सरकू नये आणि भलतीकडं फिरू नये, हे काम मुख्यतः एसीएलचं. दोर तुटला तर एक्स-रेमध्ये दिसत नाही, कारण एक्स-रे हाडं दाखवतो. तेव्हा 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ 'हाड मोडलेलं दिसत नाही' एवढाच. 'गुडघ्याला काही झालं नाही' असा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, फार कामाचं आहे.

बरं, आता पाच प्रश्न. दुखापत झाली की स्वतःला विचारायचे.

पहिला प्रश्न: पाय कुठं होता आणि अंग कुठं गेलं?

पाय जमिनीला टेकलेला आणि अंग वळलं, किंवा पळता पळता एकदम थांबलात, किंवा उडी मारून एका पायावर उतरलात, तर पहिला संशय एसीएलवर. यात बहुतेक वेळा समोरच्यानं थेट गुडघ्यावर मारलेलंही नसतं. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे एका शर्यतीत २८ अडथळे आणि वर ७ पाण्याच्या उड्या. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेला गडी. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीपाशी पडला. एसीएल आणि मेनिस्कस, दोन्हींना इजा. शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. इतका कसलेला पाय, तरी एक उडी चुकीची पडली की हे होऊ शकतं. म्हणून 'मी रोज व्यायाम करतो, मला काय होणार' हे मनातून काढून टाका.

दुसरा प्रकार. बाहेरच्या बाजूनं कुणी येऊन आदळलं आणि गुडघा आत दबला. कबड्डीत बाजूनं पकड येते तेव्हा होतं. दुखतं ते आतल्या बाजूला. संशय एमसीएलवर. हा दोर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय, पट्टा आणि व्यायामानं जुळून येतो.

तिसरा. मोटारसायकलवरून पडलात, गुडघा वाकलेला होता आणि नडगीच्या वरच्या भागावर समोरून मार बसला. संशय मागच्या दोरावर, पीसीएलवर.

चौथा. उकिडवं बसून उठताना, ओझं घेऊन वळताना आत काहीतरी चावल्यासारखं झालं. संशय गादीवर. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या माणसाचा गुडघा असाच भरून येतो. हे आमच्या घरात मी पाहिलंय.

पाचवा. वळताना वाटी बाहेरच्या बाजूला सरकली आणि पाय सरळ करताच परत जागेवर बसली. तरुण मुलामुलींमध्ये हे होतं. ती आपोआप बसते, म्हणून लोक सांगतच नाहीत. सांगा!

आणि थेट वाटीवर पडलात तर मुकामार, किंवा वाटीचं हाड मोडणं.

दुसरा प्रश्न: आवाज आला का? 'टक' किंवा 'कट' असा आवाज आला, आणि त्यानंतर खेळता आलं नाही, तर एसीएलचा संशय वाढतो. वाटी सरकतानाही आवाज येऊ शकतो. पण आवाज आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं उलटं गणित मांडू नका.

तिसरा प्रश्न: सूज किती वेळात आली? हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याला मशीन लागत नाही, घड्याळ लागतं. तास-दोन तासांत गुडघा फुगला तर आत बहुधा रक्त साचलंय. म्हणजे एसीएल, हाडाचं फ्रॅक्चर, सरकलेली वाटी किंवा गादीची कडेला पडलेली फाट. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर बहुधा सांध्यातलं पाणी वाढलंय. तिथं गादी किंवा साधी लचक जास्त संभवते. मी घरी पोचेपर्यंत फुगलो होतो. हे एक वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही.

चौथा प्रश्न: चार पावलं टाकता आली का? हे मी मनानं सांगत नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात एक नियम बसवला. गुडघ्याच्या ताज्या दुखापतीत एक्स-रे कधी काढायचा, याचा. पाच गोष्टी आहेत. वय ५५ किंवा जास्त. फक्त वाटी दाबल्यावर दुखणं. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा लागतो, तिथं दाबल्यावर दुखणं. गुडघा काटकोनात, म्हणजे ९० अंशांपर्यंत न वाकणं. आणि दुखापतीनंतर लगेच, तसंच तपासणीच्या वेळीही, चार पावलं टाकता न येणं. लंगडत टाकली तरी चालतात. यातली एक जरी गोष्ट असली तरी एक्स-रे काढायचा. पण हा नियम हाड मोडलंय का एवढ्यापुरता, बरं का. माझी चार पावलं पडली होती, आणि दोर तुटलेला होता.

पाचवा प्रश्न: गुडघा अडकतो की निसटतो? अडकतो, म्हणजे एका जागी येऊन थांबतो आणि सरळ होतच नाही. तेव्हा गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात मध्ये आलेला असू शकतो. हे थांबण्यासारखं दुखणं नाही, लवकर दाखवायचं. निसटतो, म्हणजे वळताना, उतरताना वाटतं की पाय आपला नाहीच. तेव्हा दोर सैल असू शकतो. आणि आडवं झोपून पाय सरळ ठेवून वर उचलताच आला नाही, तर वाटीच्या वरचा किंवा खालचा जाड पट्टा तुटला असेल किंवा वाटी मोडली असेल. तेही लवकर दाखवायचं.

आता काही गोष्टी अशा की, तिथं हे पाच प्रश्न बाजूला ठेवायचे आणि सरळ गाडी काढायची. पाऊल गार पडलं, पांढरं-निळं झालं, बधिर झालं. गुडघा वेडावाकडा दिसतोय. हाड बाहेर आलंय किंवा जखम सांध्यापर्यंत गेलीय. गुडघ्याच्या मागून जाणारी रक्तवाहिनी दाबली किंवा फाटली असेल, तर पाय वाचवायला काही तासच असतात. दुसरं, मार लागलेला आठवतच नाही, पण गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्यालाही उद्यावर ढकलायचं नाही. आणि दहा ते सोळा वर्षांचं लेकरू 'गुडघा दुखतो' म्हणत लंगडत असेल, पण गुडघ्यात काही सापडत नसेल, तर खुबा तपासायला सांगा. कधी कधी दुखणं खुब्याचं असतं आणि जाणवतं गुडघ्यात.

डॉक्टर किंवा फिजिओ हातानं काय तपासतात, तेही सांगतो, म्हणजे घाबरणार नाही. गुडघा थोडासा, वीस-तीस अंश वाकवून नडगी पुढं ओढून बघतात. तिला लॅकमन चाचणी म्हणतात. फिलाडेल्फियाच्या डॉ. लॅकमन यांच्या नावावरून, १९७६ पासून ती जगभर माहीत झाली. दोर शाबूत असेल तर ओढ 'टच' करून थांबते. तुटलेला असेल तर मऊ, न थांबणारी लागते. दोन्ही पाय तपासतात, कारण तुमचा चांगला पाय हेच तुमचं माप. गादीसाठी गुडघा पूर्ण वाकवून, फिरवून सरळ करतात. ती मॅकमरे चाचणी. सांध्याच्या फटीवर बोट दाबून कुठं दुखतं तेही बघतात. पण एक अडचण आहे. पहिल्या दिवशी गुडघा इतका सुजलेला आणि पोरगा इतका आवळून बसलेला असतो की हाताला नीट काही लागत नाही. म्हणून आठवडा-दहा दिवसांनी परत तपासून घ्यायचं. सूज उतरली म्हणून तो फेरा चुकवायचा नाही. मी नेमका तोच चुकवला.

एमआरआय लगेच प्रत्येकाला लागत नाही. गोष्ट आणि हाताची तपासणी दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर तो कधी करायचा ते डॉक्टर ठरवतात. खर्चाची भीती असेल तर आधी बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरची घाटी, इथं दाखवा. शस्त्रक्रियेचं सांगितलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि एसीएल तुटलं म्हणजे आयुष्य संपलं, असंही नाही. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. सरळ चालणं, शेतातलं हलकं काम, यासाठी कित्येकांना चांगल्या व्यायामानं निभतं. वळण्या-उड्यांचा खेळ परत खेळायचा असेल तर बऱ्याचदा लागतं, आणि त्यानंतर मैदानावर यायला नऊ महिने तरी धरा. 'तीन महिन्यांत पळवतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं? खेळ तिथंच थांबवायचा. 'एकच चढाई' नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ नसेल तर थंड पाण्याचं फडकं. क्रेप बँडेज बांधायचं, पण बोटं निळी पडतील इतकं आवळून नाही. पाय उशीवर उंच ठेवायचा. आणि तीन गोष्टी नाहीत म्हणजे नाहीत. चोळणं नाही, शेक नाही, कुणाकडून ओढून 'बसवून' घेणं नाही. माझ्या आजीचा हात मायेचाच होता. पण आत रक्त साचलेल्या गुडघ्यावर गरम तेलानं चोळलं की सूज वाढते. माया आणि मालिश, दोन्ही वेगळं ठेवा.

आता शेवटचं काम, आणि ते तुमच्या हातातल्या मोबाइलचं आहे. साबळे पडला तेव्हा शर्यत टीव्हीवर चालू होती. पाय कसा पडला, अंग कुठं गेलं, सगळं पुन्हा पुन्हा बघता येतं. आपल्या रानात कॅमेरा नसतो. आणि आपली आठवण चार तासांत बदलते. एक म्हणतो लचक आहे, दुसरा म्हणतो शीर आखडली, रात्री आपल्यालाही तेच खरं वाटायला लागतं. म्हणून दुखापत झाली की त्याच दिवशी, कुणाशी चर्चा करायच्या आधी, एक मिनिटाची व्हॉइस नोट करा. पाय कुठं होता. अंग कुठं वळलं. आवाज आला का. सूज किती वाजता आली. चार पावलं टाकली का. अडकतो की निसटतो. दवाखान्यात गेल्यावर ती ऐकवा. डॉक्टरांकडं वेळ कमी असतो, मान्य. पण एक मिनिट असतंच.

गेल्या महिन्यात इथल्याच एका मुलीनं मला अशी नोट पाठवली. ८०० मीटरची तयारी करायची ती. धापा टाकतच बोलत होती. "सर, वळताना वाटी बाहेरून दिसली, मी पाय सरळ केला तशी आत गेली. अर्ध्या तासात सुजलंय. कुणाला सांगितलं नाही, घरचे पळणं बंद करतील." मी म्हटलं, आधी आईला ऐकव, मग दवाखान्यात ऐकव. तिनं ऐकवलं. तिथं वाटी सरकल्याचं पहिल्याच भेटीत ओळखलं गेलं, एक्स-रेत हाडाचा तुकडा उडाला नाही ना ते बघितलं, पट्टा दिला. सध्या ती पळत नाहीये. समोर त्या दगडावर बसून मांडीचे व्यायाम करतेय आणि बाकीच्यांचे वेळ घड्याळात टिपतेय. यंदाची भरती तिला मिळेल का, ते मी सांगू शकत नाही. पण तिचे आठ महिने वाया गेलेले नाहीत.

अण्णांना मी खरं सांगितलं ते शिकून नोकरीला लागल्यावर. कबड्डी खेळत होतो म्हणून. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कबड्डीच खेळलास ना, चोरी तर नव्हती केली. तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. चला, ऊन चढलंय. भेटू पुढच्या भागात.